नळाच्या जाळीचं वाण

॥ कुलस्वामिनी प्रसन्न ॥

नावडे वसाहत, नवी मुंबई
९ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रियदर्शिनी हिस मोठ्या जावेचे, विजयमालाचे, अनेक आशीर्वाद.

तू एसटीने पाठवलेलं सामान काल पोचलं, ते असं: तोटीचा माठ एक, न फुटता. त्याची तिवई एक. कापूस भरून शिवलेली जाड पिशवी एक, उकळी आलेलं भाताचं पातेलं गॅसवरून उतरवून आत कोंडून ठेवायला. कोरफडीचं रोप एक, जे कुणी मागितलं नव्हतं. पार्सलचे दोनशे दहा. कळंबोलीहून रिक्षाचे ऐंशी. तो शंभर म्हणत होता, पण मी माठ मांडीवर घेऊन बसते, जागा एकाचीच अडवते, असं म्हटल्यावर ऐंशीला आला.

फोन का केला नाही म्हणशील. अगं, आपल्या दोघींचे नवरे रोज रात्री स्पीकर लावून बसतात. भावाभावांच्या त्या गजरात आपण काय बोलणार? अंतर्देशीय पत्राला स्पीकर नसतो.

आता घरची हकिकत. हे डिसेंबरअखेर पावणे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निवृत्त झाले. सगळा जन्म लेथपुढे गेला, त्यामुळे रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. पहिल्याच सोमवारी माझी हिशेबाची वही घेऊन बसले.

"विजू, लाईट तेवीसशे पन्नास, गॅस आठशे, सोसायटीच्या टँकरचा वाटा बाराशे. महिन्याला चार हजार तीनशे पन्नास नुसते जळतात आणि वाहून जातात! फ्लॅट भाड्याने देऊ. गावी आपल्या दोन खोल्या आहेत, चूल आहे, विहीर आहे. पाडव्याची गुढी गावच्या दारात."

मी म्हटलं, "आणि खर्च निम्म्यावर आणला तर?"

हे हसले. हसतात तेव्हा मला फार राग येतो. "पाडव्याआधीच्या महिन्याचा खर्च निम्म्यावर आण, मग मी गावचं नाव काढणार नाही. पण नाही आला तर सामान बांधायचं, रडायचं नाही."

मी तिथल्या तिथे देवीपुढे सुपारी ठेवली. म्हणजे दोन हजार एकशे पंचाहत्तरच्या आत.

गैरसमज करून घेऊ नकोस हं. गावी यायची मला ओढ का नाही? पण मंगळवारची देवीची आरती इथे मी सुरू केली. मी गेले तर तबक कोण धरणार? वरच्या मजल्यावरची स्मिता धरील, पण ती आरतीत मधलं कडवंच गाळते.

कामाला लागले आहे. गीझरचं बटण चिकटपट्टीने बंद केलं. गच्चीवर प्लास्टिकचा पिंप काळा रंगवून उन्हात ठेवला आहे. बाराला पाणी असं तापतं की विसण घालावं लागतं. सहाला अंघोळ करणारा माणूस आता टॉवेल गुंडाळून बारापर्यंत पेपर वाचतो. देव्हाऱ्यातला लाल बल्ब काढताना मात्र आधी हात जोडले. देवीला म्हटलं, आई, आकाशातली वीज तुझी, तुला माझ्या बल्बाचं काय कौतुक? समईत दोन वाती वाढवल्या. तेलाचा खर्च लाईट, गॅस, पाणी यांत येत नाही. सुपारी ठेवताना हे तेलाचं काही बोलले नव्हते.

तुझी
विजयमाला

---

मु. पो. पिंपळवाडी, ता. कोरेगाव
२० जानेवारी

ती. सौ. अक्कांस प्रियदर्शिनीचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्ही येणार म्हणून आम्हाला लई आनंद झाला. घर तुमचंच हाय, विचारायचं काय त्यात? कवाबी या.

फक्त विहिरीचं पाणी खाली गेलंय, दोर दोघींनी ओढावा लागतो. तुमच्या दोन खोल्यांत विंचू निघाला होता, पण बारका. कौलं गळत्यात, ती काय पावसातच. माकडं येत्यात, ती मात्र रोज. गेल्या आठवड्यात एकानं आमच्या ह्यांचा चष्मा नेला, अजून झाडावर बसून घालतंय. हे एवढं सोडलं तर काही तरास नाही. या.

पण निम्म्याची सुपारी ठेवलीच हाय तर मागं फिरू नका अक्का. आमच्या बचत गटाच्या बाईंनी सांगितलेलं लिहिते. फ्रीज भिंतीला चिकटवू नका, चार बोटं लांब ओढा. त्याच्या दारात नोट धरून दार लावा, ओढल्यावर सुटून आली तर रबर गेलं समजा. टीव्ही रिमोटनं नाही, भिंतीवरच्या बटणानं बंद करा. डाळ-तांदूळ भिजवल्याशिवाय शिजवू नका. आणि मोठं म्हणजे, शंभर युनिटांच्या आत दर कमी असतो, वर गेलात की चढा. तेव्हा नव्याण्णवलाच थांबा.

कराच अक्का. तुमच्या आरतीसाठी म्हणते, मला काय त्यात?

मोठ्या भाऊजींना नमस्कार.

तुमची
प्रियदर्शिनी

---

॥ कुलस्वामिनी प्रसन्न ॥

नावडे
३ फेब्रुवारी

चि. सौ. प्रियदर्शिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र उघडलं आणि मी शिंकले. मग हे शिंकले. मग दारात उभा असलेला पोस्टमन शिंकला, तो तर आमच्या घरचाही नव्हता. एवढं तिखट खाऊ नका गं, पोटाला वाईट.

तू मला एवढा आग्रह करतेस याने डोळे भरून येतात. सख्खी बहीण करणार नाही. (विंचवाचं यांना सांगितलं. "विंचू काय, चपलेने मरतो," म्हणाले.)

फ्रीजच्या दारात दहाची नोट धरली, सटकन बाहेर. म्हटलं लहान नोट आहे म्हणून असेल, पन्नासची धरली, तीही आली. नवं रबर साडेतीनशेला घातलं. आता दार उघडायला दोन्ही हात लागतात आणि हे रात्री श्रीखंड चोरायला गेले की मला आवाज येतो. दोन्ही बाजूंनी फायदा. या महिन्याची युनिटं एकशे बारा! तेरा उतरली की झालं. गॅसची टाकी तुझ्या पिशवीमुळे दीड महिना जाईल असं दिसतं.

पण टँकरने माझी झोप उडवली आहे. बिल सोळा घरांत सारखं वाटतात. मी तांब्याने मोजून अंघोळ करते आणि वर स्मिताच्या नळाखाली मेथीची जुडी तासभर नाचते. तिच्या मेथीच्या अंघोळीचे पैसे मी भरते! यांना सांगितलं तर म्हणतात, "दुसऱ्यांच्या नळाला तू काय करणार? बांधाबांध सुरू कर."

मग मला सुचलं ते ऐक. संक्रांतीचं वाण! दरवर्षी मी प्लास्टिकच्या डब्या लुटते आणि दरवर्षी मला तशाच डब्या मिळतात. यंदा नळाच्या जाळ्या लुटल्या. नळाच्या तोंडाला बसवायची पितळी कडी असते, आत बारीक जाळी. पाण्यात हवा मिसळते, धार तेवढीच जाड दिसते आणि पाणी निम्म्यानेच जातं.

नाक्यावरच्या शहाजीच्या दुकानात गेले. म्हटलं, पंधरा द्या.

"मावशी, बिल्डिंग बांधताय?"

"नाही रे बाबा. हळदीकुंकू आहे."

तो वीस वर्षं नळ विकतो आहे, पण त्याच्या हातातला पाना पडला. पस्तीसची जाळी बावीसला दिली आणि त्याच्या बायकोसाठीचं वाण म्हणून मी आणखी एक विकत घेऊन त्यालाच दिली.

सगळ्या जाळ्या देवीपुढे मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, श्रीसूक्त म्हटलं. बायकांना देताना सांगितलं, "देवीपुढे ठेवून आणलंय, नीट सांभाळा." सगळ्यांनी डोक्याला लावून घेतलं. पुढच्या महिन्यात टँकर निम्मे!

तुझी
विजयमाला

---

पिंपळवाडी
११ फेब्रुवारी

ती. सौ. अक्कांस साष्टांग नमस्कार.

घाईत लिहिते. मोठ्या भाऊजींनी काल फोनवर आमच्या ह्यांना गुढीला बांबू तोडून ठेव म्हणून सांगितलं. वर म्हणाले, खोल्यांना चुना मारायला मीच येतो एकदा.

अक्का, त्यांना अडवा. कसंबी करून अडवा. चुन्याची धूळ त्यांच्या छातीला सोसायची नाही. आणि विंचू आता दोन झाल्यात. मला वाटतं नवराबायको असतील.

टँकर किती उतरले ते लगेच लिहा.

प्रियदर्शिनी

---

॥ कुलस्वामिनी प्रसन्न ॥

नावडे
२४ फेब्रुवारी

चि. सौ. प्रियदर्शिनीस आशीर्वाद.

यांच्या छातीची एवढी काळजी तर मलाही नाही. धन्य आहेस.

टँकर उतरले नाहीत. एक वाढला!

सोसायटीचा कागद लागला तेव्हा हे जिना उतरताना शीळ वाजवत होते. मी पदर खोचला आणि घरोघर निघाले.

पहिलं दार स्मिताचं. म्हटलं, जाळी कुठे? तिने मला हाताला धरून देव्हाऱ्याशी नेलं. अन्नपूर्णेच्या मांडीशी चांदीच्या वाटीत माझी जाळी! वर फूल, समोर खडीसाखर.

"अगं, ही नळाला लावायची!"

"विजूताई, काहीतरीच! देवीपुढचं वाण मी मोरीतल्या नळाला लावू? पाप लागेल मला."

दुसरं दार गीतांजलीचं. तिला वाटलं चहाची गाळणी. "छोटी आहे हो," म्हणाली, "एका कपाला तीन वेळा धरावी लागते. पण तुम्ही दिलीत म्हणून वापरते." तिसऱ्या माळ्यावरच्या क्षिप्राने गाडीच्या किल्लीला लावली आहे, शुभ म्हणून. कुणी तिजोरीत ठेवली, कुणी तुळशीच्या मुळाशी पुरली. आणि कळस ऐक. रथसप्तमीला मी स्वतः तळमजल्यावर हळदीकुंकवाला गेले होते. तिथली वाणाची पुडी त्या दिवशी उघडली, तर आत माझीच जाळी! माझंच कुंकू वाळलेलं वर! कोणी लगेच पुढे सरकवली देव जाणे. मी जिन्यात बसले आणि रडायचं ठरवलं होतं, पण हसूच येत गेलं. इतकी हसले की वॉचमन पाणी घेऊन आला. भरून ग्लास आणला, अर्धं पाणी मी परत ओतायला लावलं.

स्मिता म्हणाली, "असं करा ना, देवी स्वप्नात आली आणि नळाला लावा म्हणाली, असं सांगा. सगळ्या ऐकतील."

मी म्हटलं, "बाई, देवीच्या नावाने खोटं बोलून वाचवलेलं पाणी मी कोणत्या तोंडाने प्यायचं?"

मग दोन मंगळवार देवीपुढेच बसून विचार केला. चूक माझी. मीच ती वस्तू देवाची करून ठेवली, आता तिला मोरी कशी चालेल? पण स्वयंपाकघरातल्या नळाला काय झालं? त्याच पाण्याने आपण नैवेद्य शिजवतो. आरती झाल्यावर सगळ्यांना हे सांगितलं. मग गीतांजली म्हणाली, "म्हणजे मी गाळणी परत विकत आणू?" आणि एकच हशा.

राहिल्या मोऱ्या आणि बेसिनं. शहाजीकडून दुसरा माल मागवला. पिशवी पायातल्या चपलांजवळ ठेवली, देव्हाऱ्याकडे पाठ करून वाटली आणि प्रत्येकीला बजावलं, "या देवीला अजिबात दाखवलेल्या नाहीत. बिनधास्त कुठेही लावा." याचे पैसे ज्याचे त्याने दिले.

परवा शहाजी पाना घेऊन आला आणि सोळा घरांत फिरला. मागे आम्ही सगळ्या. पहिली जाळी बसली, नळ सोडला, पांढरी शुभ्र धार आली तशी स्मिताने चक्क आरती सुरू केली, मधल्या कडव्यासकट. शहाजी म्हणतो, "मावशी, माझ्या धंद्यात असा मान कधी मिळाला नाही." शेवटच्या घरापर्यंत त्याच्या कपाळावर कुंकवाचा थर झाला होता.

आता मोजायचा महिना चालू आहे. मार्चच्या वीस तारखेपर्यंतचं सगळं धरायचं ठरलंय. माझ्या जिवाचं पाणी पाणी होतंय, आणि त्यालाही जाळी लावली आहे.

तुझी
विजयमाला

ता. क. हे आज सकाळी "पावण्याला जुन्या मित्रांना भेटतो, दोन दिवस तिथेच राहतो" म्हणून पिशवी घेऊन गेले. पिशवीत चुना लावायचा कुंचा दिसला असं मला वाटलं, पण माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

---

पिंपळवाडी
८ मार्च

ती. सौ. अक्कांस साष्टांग नमस्कार.

मोठे भाऊजी पावण्याला नव्हते. इथं आले.

आता लपवून काय करू? तुमच्या दोन खोल्यांत विंचू नाही. एकबी नाही. तिथं माझं मिरची कांडप यंत्र हाय. दिवाळीपासनं. आठ गावच्या बायका तिखट करून न्यायला येत्यात. तुम्हाला विचारायचं रोज ठरवत होते आणि रोज रात्री दोघे भाऊ स्पीकर लावत होते. तुम्ही आलात तर यंत्र कुठं हलवू, म्हणून तुमचं बिल उतरावं यासाठी मी इथं सोळा सोमवार धरलेत. भाऊजींचा बेत स्पीकरवर ऐकला तवाच माठ, पिशवी, सगळं त्यासाठीच धाडलं. कोरफड तेवढी मनापासून दिली होती.

भाऊजी आले तेव्हा यंत्र चालू होतं. आम्ही पाचजणी तोंडं बांधून, हवा सगळी लाल. त्यांनी दार ढकललं. "माझ्या खोलीत..." एवढं म्हणाले आणि शिंकायला लागले. शिंकत शिंकत अंगणात, तिथून माडीच्या पायऱ्यांपर्यंत. आमचे हे त्यांना धरायला गेले, तर दोघे मिळून शिंकायला लागले. माकडंसुद्धा पळाली.

मला वाटलं संपलं सगळं. मी बटण बंद करून उभी. पाणी पिऊन ते आत आले, कुंचा खाली ठेवला, यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "लाईट बिल किती येतं याचं?"

मी म्हटलं, "मिरची पुरत नाही एवढं."

"येणारच. पट्टा ढिला, पुली वाकडी घासतेय, बेअरिंग कोरडं खडखडीत. मोटार निम्मी ताकद स्वतःशीच भांडण्यात घालवते. पाना आण."

अक्का, ते त्या दिवशी जेवायला उठले नाहीत. दुसऱ्या दिवशीबी नाही. तोंडाला माझी जुनी ओढणी बांधून यंत्राखाली झोपलेले. आता ते असं चालतंय की बायका म्हणतात, चालू हाय का बंद, कळंना. तेवढ्याच विजेत दीडपट तिखट होतंय. "शेजारच्या गावात कुणाकडं यंत्र हाय?" म्हणून विचारत होते. काल सायकलवरनं गेले, तिथली दोन दुरुस्त करून आले. चेहरा बघा तुम्ही एकदा! आल्यापासनं गुढीचं, चुन्याचं, खोल्यांचं नाव नाही.

तुम्हाला फोनवर पावण्यालाच हाय म्हणून सांगत्यात. मला म्हणाले, "विजूला कळवू नको, मी सांगतो." म्हणून कळवते.

रागावला असाल तर शिव्या लिहा, पण लिहा.

प्रियदर्शिनी

---

॥ कुलस्वामिनी प्रसन्न ॥

नावडे
२५ मार्च

चि. सौ. प्रियदर्शिनीस अनेक आशीर्वाद, आणि एक गुद्दा, तो भेटीत.

पत्र वाचलं आणि मी पलंगावर आडवी पडून हसले. अगं वेडे, मी इथे सुपारी ठेवून देवीला साकडं घालते की आम्हाला गावी धाडू नकोस, आणि तू तिथे सोळा सोमवार धरतेस की यांना येऊ देऊ नकोस! बिचाऱ्या महादेवाला आणि देवीला एकाच घरातून एकच अर्ज दोनदा गेला. खोल्या वापर. तुझ्याच आहेत. वर्षाचं तिखट मला पाठवत जा, पार्सलचे पैसे मी देईन.

आता निकाल. लाईट सातशे चाळीस, युनिटं शहाऐंशी. गॅसचा महिन्याचा हिशेब पाचशे. टँकर निम्म्याहून कमी झाले, आमचा वाटा चारशे. एकूण सोळाशे चाळीस! मी बिल हातात घेऊन घरातल्या घरात फुगडी घातली. एकटीने फुगडी घालता येत नाही असं म्हणतात. दाराचा कोयंडा धरून येते. स्मिता खाली आली, तिला धरून घातली, मग गीतांजलीला. सोसायटीने ठराव केलाय की पुढच्या संक्रांतीला सगळ्यांनी उपयोगाचंच वाण लुटायचं आणि कसं वापरायचं ते सांगूनच द्यायचं.

रात्री यांना फोन केला. स्पीकर लावलेलाच होता, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंच असेल. हे लगेच म्हणाले, "जिंकलीस विजू. फ्लॅट राहिला. मी मिरचीच्या दिवसांत इकडे, बाकी तिकडे." धाकट्या भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास, बांगड्या ऐकू आल्या.

मी तेव्हा बरं म्हणून फोन ठेवला. पण मग देव्हाऱ्यापुढची सुपारी उचलायला हात गेला आणि तिथेच थांबला. अगं, मोजायच्या महिन्यातले बहुतेक दिवस हे घरात होते कुठे? दोन दिवसांचं सांगून गेलेला माणूस तिखट कांडत बसला. एकटीला पंखा लागतो एक, दिवा लागतो एक. रात्री श्रीखंडाला फ्रीज उघडत नाही कुणी. संध्याकाळी सातच्या बातम्या मोठ्याने लावून कुणी झोपत नाही. शहाऐंशी युनिटं कसली, निम्मं घर बंद होतं! असं जिंकणं मी देवीला दाखवू शकत नाही. तिला हिशेब कळतो.

म्हणून सुपारी तिथेच ठेवली आहे आणि पैज आणखी एक महिना पुढे ढकलली आहे. दोघांच्या विजेची, दोघांच्या जेवणाची, दोघांच्या पाण्याची. ऐन उन्हाळ्यात. हरले तर हरले; पण आता हरून जायचं कुठे, खोल्यांत तर तुझं यंत्र आहे!

यांना म्हणावं, साठवलेल्या पैशातून हॉलसाठी नवा पंखा आणलाय, जुन्याच्या तिसऱ्या हिश्शात चालणारा, रिमोटचा. शहाजीच्या ओळखीच्या माणसाने बसवून दिला. मी अजून पाचावर लावून पाहिलेला नाही. एकटीला एकावरही गारवा वाटतो, आणि तो काही पंख्यामुळे नाही.

तिखटाचं काम आवरलं की त्यांना घालव. ओढणी धुऊन दे. कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीने बसवतेस ते उलट टपाली कळव, म्हणजे कळंबोलीला न्यायला येते. फोनवर नको सांगूस, ते ऐकतील.

तुझी
विजयमाला